वाकड्या कोड्यातला येरा

मराठीत मूर्खासाठी सगळ्यात आखूड शब्द ‘ढ’. एका अक्षरात माणूस निकालात. शाळेत गणिताच्या बाईंनी तो मला बरेचदा बहाल केला होता, पण त्याची खरी अडचण कळली ती कोडी रचायला लागल्यावर. कोड्याच्या चौकटीत एका घराचा शब्द ठेवता येत नाही, निदान दोन घरं लागतात. त्यामुळे मराठीतला सगळ्यात सुटसुटीत मूर्ख मला उत्तर म्हणून कधीच वापरता आला नाही. मग मी त्याला दुसऱ्या कामाला लावलं. ‘मूर्खाला ग ची बाधा झाली की तो आकाशात जातो. दोन अक्षरं.’ ढ ला ग जोडा, झाला ढग. हे सुचलं तेव्हा मी ठाकुर्लीच्या आमच्या स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी होते आणि गॅसवरची आमटी करपली. नवऱ्याने ती मुकाट्याने खाल्ली. कोडं ऐकून म्हणाला, "चांगलं आहे, पण या कोड्याला मिठाची गरज आहे."

मी ठाण्यातल्या एका साप्ताहिकात मुद्रितशोधक होते. म्हणजे मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या. आता निवृत्त आहे. माझं नाव प्रज्ञा. मूर्खपणाच्या शब्दांवर हयात घालवलेल्या बाईचं नाव प्रज्ञा, हा विनोद संपादकांनी माझ्या निरोप समारंभातसुद्धा केला, तेव्हा इथे तो मीच करून मोकळी होते.

कोडं हे माझं वरचं काम. एकदा शेवटच्या पानावरची जाहिरात ऐनवेळी रद्द झाली आणि संपादक म्हणाले, "बाई, या जागेत काहीतरी भरा." साधं शब्दकोडं सगळेच छापतात. ‘सूर्य’ विचारायचं आणि लोकांनी ‘रवी’ लिहायचं. मला ते अळणी वाटायचं. आमच्या कचेरीत एक इंग्रजी दैनिक यायचं. संपादक त्यातलं गूढ कोडं चहाबरोबर सोडवायचे आणि अडले की माझं इंग्रजी बेताचं आहे हे माहीत असूनही मला विचारायचे. त्या कोड्यांत सारखे खुळे भेटायचे. सिली, क्रेझी, डॅफ्ट, नट्स, आठवड्याला नवा शब्द. मी एकदा विचारलं, "या लोकांना मूर्खपणाचं एवढं कौतुक का?" तेव्हा त्यांनी समजावलं की ते शब्द कुणा माणसाबद्दल नसतात. ती नुसती खूण असते. शेजारच्या शब्दातली अक्षरं हलवून बघा, असा तिचा अर्थ. अक्षरं सगळी तिथेच असतात, जागा तेवढ्या बदललेल्या असतात.

मी ती रीत उचलली आणि मराठीत आणली. आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. ‘वेडी रजनी चिखलात फुलते, तीन अक्षरं.’ वेडी ही खूण. रजनीची अक्षरं हलवली की नीरज, म्हणजे कमळ. डोंबिवलीतल्या दोन रजनींचे फोन आले. एक रागावली होती, दुसरीला कात्रण हवं होतं. कधी उत्तर वाक्यातच दडवायचं. ‘आता सांगा, ढवळायचं कोणी? आत लपलाय तो मूर्खच.’ सांगा आणि ढवळायचं हे दोन शब्द चिकटवून वाचा, मधोमध गाढव उभं आहे. तर कधी शब्दाचे तुकडे पाडायचे. ‘चक्रम’ या शब्दात चांगला धडधाकट ‘क्रम’ आहे, हे मला कळलं त्या दिवशी मी उगीचच सगळ्यांशी प्रेमाने वागले.

वाचकांनी याला ‘वाकडं कोडं’ असं नाव दिलं. संपादकांनी कोड्याखाली माझा फोन नंबर छापला, ‘अडल्यास फोन करा’. मला न विचारता. दर गुरुवारी अंक निघाला की दुपारपर्यंत मी कुणाची नव्हते. कोडी सोडवणाऱ्यांचा एक लाडका शब्द आहे, ‘बसलं’. उत्तर घरांत बरोबर आलं की ते असं म्हणतात. हा शब्द ऐकला की मला अजून बरं वाटतं, मग तो कुणी लग्न जमल्याबद्दल का म्हणेना.

कल्याणचे कॉम्रेड हे माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक. जन्मभर कामगार संघटनेत गेलेले गृहस्थ, सगळं कल्याण त्यांना कॉम्रेड म्हणतं म्हणून मीही म्हणते. मी एकदा विचारलं होतं, ‘डावे उलटले की काय होतं? दोन अक्षरं.’ कॉम्रेड कचेरीचे जिने चढून थेट माझ्या टेबलाशी.

"बाई, हे राजकारण आहे."

"हे नुसतं मराठी आहे. डा आणि वे. उलटं वाचा."

त्यांनी ओठ हलवत वाचलं. "वेडा," म्हणाले, आणि खुर्चीत बसले. "मग उजवे उलटून काय होतं तेही छापा."

"करून बघितलं. त्यांचं काहीच होत नाही."

कॉम्रेडनी यावर बराच विचार केला. "हे मात्र खरं," असं म्हणून त्यांनी चहा घेतला आणि गेले. तेव्हापासून दर गुरुवारी त्यांचा फोन. नमस्कार नाही, कसं काय नाही. "आडवं सात. बसलं." ठक्क.

आणि मग कोपरीचे हिराजी म्हात्रे. त्यांचा पहिला फोन आला तेव्हा मी कामात होते. पलीकडून जाडसर आवाज म्हणाला, "मॅडम, तुमचा कोरा."

"काय कोरं आहे?"

"शेवटच्या पानावरचा कोरा."

मला वाटलं, शेवटचं पान छापलंच गेलं नाही. हातातलं काम टाकून मी खाली छपाईखान्यात धावले. पानं ठीक होती. परत येऊन फोन कानाला लावला तर हिराजी शांतपणे वाट बघत होते. "अवो कोरा वो, कोरा. आरवा-उभा लिवतात तो."

कोडं. आगरी बोलीत ड चा र होतो. घोड्याचा घोरा, गाडीची गारी, कोड्याचा कोरा. तेव्हा त्यांना एवढंच सांगायचं होतं की माझा कोरा लय भारी असतो. लहानपणी हिराजी बापाबरोबर मिठागरावर जायचे, पुढे कंपनीत लागले. आता त्यांच्या जागेवर सहा मजली इमारत आहे आणि फाटकावर त्यांच्या वडिलांचं नाव. फाटकाशी खुर्च्या टाकून ते दर गुरुवारी कोडं मोठ्याने वाचतात. आजूबाजूची चार म्हातारी माणसं उत्तरं सुचवतात, बहुतेक चुकीची. हे सगळं मला फोनवरून कळत गेलं. दर गुरुवारी कॉम्रेड, मग हिराजी, असा क्रमच पडून गेला.

हिराजींच्या मुलीचा फोन मात्र एका मंगळवारी आला.

"मी कल्पना बोलतेय, हिराजी म्हात्र्यांची मुलगी. डोंबिवलीला शाळेत शिकवते. तुमच्या कोड्याबद्दल बोलायचं होतं." आवाज सभ्य होता, पण बांध घालून धरलेला. "तुम्ही दर आठवड्याला वेडा, वेडी लिहिता."

मी नेहमीप्रमाणे समजवायला लागले. तो शब्द माणसाबद्दल नसतो, ती खूण असते.

"ते तुम्हाला माहीत आहे मॅडम. आमच्या गल्लीला नाही." मग तिने एका दमात सांगितलं. तिचा मोठा भाऊ पंचेचाळिशीच्या पुढचा आहे. जन्मापासून त्याची समज लहान मुलाएवढी. कोपरीतली सगळी माणसं त्याला ‘येरा’ म्हणतात. वेडा या शब्दाचं आगरी रूप. बाबा कोडं वाचताना छापलेल्या वेड्याचा आपोआप येरा करतात. तो शब्द आला की भाऊ टाळ्या पिटतो, ‘माझा नाव आला’ म्हणून ओरडतो, आणि आसपासची पोरं हसतात. "बाबांना ती गंमत वाटते. मला नाही वाटत. तुम्ही शब्दांत राहता, तुम्हाला दुसरे शब्द मिळतील. त्याला दुसरा भाऊ मिळणार नाही, मला म्हणायचंय, मला दुसरा भाऊ मिळणार नाही."

बोलताना तिचं वाक्य असं उलटंसुलटं झालं आणि मला माझे आजोबा आठवले.

त्यांचं नाव यशवंत. गावात त्यांना जन्मभर कुणी पूर्ण नावाने हाक मारली नाही. येश्या. लहान पोरंही येश्या म्हणायची, आणि ते ‘जी’ म्हणायचे. म्हणून माझ्या वडिलांनी ठाकुर्लीच्या चाळीत आम्हा भावंडांना सक्त नियम घातला होता की एकमेकांची नावं पूर्ण घ्यायची. पप्पू नाही, बबली नाही. माझ्या धाकट्या भावाला जेवायला बोलावतानासुद्धा मला ‘सिद्धार्थ’ अशी चारचौघांत हाक मारावी लागायची. आम्ही हसायचो. वडील हसायचे नाहीत. मी कल्पनाला सांगितलं, "पुढच्या अंकापासून तो शब्द दिसणार नाही."

पण वेड्याला सुट्टी दिल्यावर माझी पंचाईत झाली. विस्कटलेली रजनी, घुसळलेली रजनी, भेळ केलेली रजनी. खुणा चालत होत्या, पण मजा गेली होती. कॉम्रेड म्हणाले, "बाई, तुमचं कोडं हल्ली उपासाचं लागतं." हिराजींचा फोन येईनासा झाला. मला वाटलं, मुलीने त्यांना दटावलं असेल, बरंच झालं.

मग एक दिवस हिराजी स्वतःच कचेरीत आले. आमच्याकडे लिफ्ट नाही. कठड्याला धरून ते दारात उभे राहिले, धाप लागलेली.

"मॅडम, आमचा येरा कुठं गेला?"

मी ताडकन उठले. "हरवला? पोलिसांत सांगितलंत?"

"नाय वो. पोऱ्या घरानच हाय. पेपरान नाय."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. ते सांगत गेले. पहिल्या गुरुवारी मुलगा नाव यायची वाट बघत बसला. दुसऱ्या गुरुवारी त्याने बापाकडून कोडं दोनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी पेपर हातात घेऊन तो गल्लीभर फिरला. "ज्याला त्याला इचारतंय, माझा नाव का काढला, मी काय केला. आता पेपर आनाय पन जात नाय. ते त्याचा काम व्हता मॅडम. गुरुवारचा पेपर तोच आनायचा. त्याला वाटतं, त्याची काय तरी चूक झाली."

मुलीच्या फोनबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही. पण ते खुळे नव्हते. पेला खाली ठेवत म्हणाले, "कल्पूचा फोन आल्ता काय? तिचा बी बरोबर हाय."

बाप बरोबर, मुलगी बरोबर, आणि ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं तो घरात खाली मान घालून बसला होता. चुका काढण्यात माझा जन्म गेला, पण इथे कुठल्या शब्दावर खूण करायची ते मला कळेना. शेवटी रविवारी मी कोपरीला गेले. कल्पनालाही यायला सांगितलं.

तळमजल्यावरचं घर. दार उघडलं ते त्यानेच. उंचापुरा, केस पांढरे व्हायला लागलेले, शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्याने मला बसायला खुर्ची पुढे केली, ती नीट सरळ झाली की नाही ते वाकून पाहिलं आणि समोर उभा राहिला.

"तू लिवतेस पेपरान?"

"हो."

"माझा नाव का काढला?"

मी म्हटलं, "तुमचं नाव काय?"

"येरा," तो म्हणाला. एवढं साधं कसं माहीत नाही, असा चेहरा.

कल्पना स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "दादा, तुझं नाव नामदेव आहे. सांग त्यांना."

त्याने मान हलवली. "नामदेव शाळंन व्हता. त्याला मास्तर मारायचा."

दोन-तीन वर्षं तो शाळेत गेला होता, हे हिराजींनी नंतर सांगितलं. हजेरीत नाव पुकारलं की याला ‘हजर’ म्हणायला उशीर व्हायचा आणि छडी बसायची. मग त्यांनीच शाळा सोडवली. तेव्हापासून ते नाव घरात कुणी उच्चारलं नाही. ‘येरा’ म्हणायला लागली ती त्याची आई. "माजा येरा जेवला का," असं ती विचारायची. तिचं ऐकून गल्ली म्हणायला लागली.

कल्पनाचे डोळे भरले होते, पण ती मागे हटली नाही. "आई म्हणायची ते वेगळं होतं, मॅडम. आई नाही आता. उद्या बाबा नसतील. मग येरा म्हणणारं कोण उरेल? रस्ता. रस्ता काय आईसारखा म्हणणार आहे?"

हिराजींनी मान खाली घातली. हे त्यांच्याही मनात कधीतरी येऊन गेलं असणार. मी चहा संपवला, उगीच. मग नामदेवला विचारलं, "तुमची दोन्ही नावं पेपरात घातली तर चालेल?"

"नामदेवला पन?" त्याने विचारलं.

"हो."

"त्याला मारायचा नाय."

"कोणी मारणार नाही."

"मग घे," तो म्हणाला, आणि माझा रिकामा कप आत घेऊन गेला.

कल्पना मला फाटकापर्यंत पोचवायला आली. फाटकाशी म्हणाली, "येरा छापायचा तर छापा. पण एकटा छापू नका." इतक्या वर्षांत कुणी मला कोड्याची इतकी नेमकी अट घातली नव्हती.

ठाकुर्लीला परत येऊन मी कामाला बसले. कोडं रचणं येरागबाळ्याचं काम नव्हे, असं मी नवोदितांना नेहमी सुनवायचे. त्या दिवशी मीच येरीगबाळी झाले होते. ना, म, दे, व. चार अक्षरं. कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून मी ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर फिरवत राहिले. देव आला, देवनाम झालं, नाव झालं. नाव म्हटल्यावर मागे म आणि दे राहिले. आमच्या ठाण्या-डोंबिवलीकडे ‘मग’मधला ग आम्ही बोलताना खाऊन टाकतो. म काय झालं, म तू आलास का, असंच बोलतो. मी म पुढे सरकवला. म नाव दे.

नवऱ्याने आत डोकावून पाहिलं तर मी ओट्यावर डोकं टेकून रडत होते. तो म्हणाला, "आज काय करपलं?"

संपादकांनी अपेक्षेप्रमाणे अडवलं. "बाई, ‘येरा’ हा शब्द कोशात दाखवा."

"येरागबाळा शब्द तुम्ही रोज वापरता."

"त्यातला येर वेगळा. त्याचा अर्थ इतर, ऐरागैरा."

"मग आजपासून हाही घ्या." नुसतं ‘कोपरीचे एक गृहस्थ’ लिहिल्यावर ते नामदेव, हे वाचकांनी कसं ओळखायचं, हाही त्यांचा आक्षेप होता आणि तो रास्त होता. उत्तराचा अर्थ सगळ्यांना माहीत असायला हवा, हा कोड्याचा पहिला नियम. मी म्हटलं, "अक्षरं सगळी दिली आहेत. ओळख उत्तर काढल्यावर होईल." ‘येरा’ म्हणजे काय ते तळटिपेत द्यायचं, या अटीवर संपादकांनी सही केली.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटाला फाटे फुटायला नकोत. ‘येरा’वर डोंबिवलीहून शुद्ध मराठीच्या अभिमान्यांचे फोन आले आणि मी त्यांना कोपरीला जाऊन विचारायला सांगितलं. माझ्या निवृत्तीपर्यंत तो शब्द कोड्यात खूण म्हणून राहिला. माझ्यानंतर कोडं बंद झालं. वाकडं कोडं रचायला कुणी पुढे आलं नाही, याचं वाईट वाटतं. गल्लीतली काही पोरं अजून येराच म्हणतात. काही नामदेवकाका म्हणतात. तो दोघांनाही ओ देतो.

त्या गुरुवारी मी कचेरीत न जाता कोपरीला गेले. फाटकाशी खुर्च्या मांडलेल्या होत्या. कल्पना रजा काढून आली होती. तिने खूप मनधरणी केल्यावर नामदेव पेपर आणायला गेला होता आणि आता पेपर छातीशी धरून परत आला. हिराजींनी चष्मा लावला. आडवे एक, आडवे चार, आडवे सात. म्हाताऱ्यांनी नेहमीची चुकीची उत्तरं सुचवली. नामदेव बापाच्या खुर्चीमागे उभा होता. तो टाळ्या वाजवत नव्हता. दोन्ही हात त्याने खुर्चीच्या पाठीवर घट्ट धरले होते.

"आरवा नऊ," हिराजींनी वाचलं. "‘म नाव दे,’ म्हनतो येरा. दिलं. कोपरीचे एक गृहस्थ. चार अक्षरा."

हात सुटले. "आला," तो म्हणाला. ओरडला नाही, हळूच म्हणाला. मग बापाच्या खांद्यावरून वाकून त्याने छापील शब्द बघितला. त्याला वाचता येत नाही, पण हिराजींनी बोट ठेवलं होतं.

आता हिराजी अडले. येरा म्हणजे अक्षरं हलवायची हे त्यांना पाठ होतं, पण ते पुन्हा पुन्हा ‘म नाव दे’ एवढंच पुटपुटत होते. कल्पनाने पर्समधून खडू काढला, शिक्षिकेच्या पर्समध्ये खडू असतोच, आणि फाटकाच्या फरशीवर चार चौकोन काढले. तिने त्यांत एकेक अक्षर लिहिलं. ना. म. दे. तिसऱ्या अक्षरालाच हिराजींनी चष्मा काढला.

"हा नाव मी ठेवलेला," ते म्हणाले. "बारशाला. मीच ठेवलेला." आणि धोतराच्या सोग्याने त्यांनी डोळे पुसले. इतक्या वर्षांत मुलाला त्या नावाने एकदाही हाक मारली नाही, असं काहीसं ते पुढे बोलले, पण ते नीट ऐकू आलं नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. गुरुवार होता. कॉम्रेड.

"आडवं नऊ," ते म्हणाले. "तुमचा येरा मला ठाऊक नव्हता, तळटीप वाचली. चार अक्षरं हलवली. पण हे कोपरीचे गृहस्थ कोण ते कळत नाही. नामदेव का?"

मी म्हटलं, "थांबा, त्यांनाच विचारा." फोनचा आवाज मोठा केला आणि तो नामदेवच्या हातात दिला.

"हॅलो," कॉम्रेडचा आवाज फाटकाशी सगळ्यांना ऐकू आला. "नामदेव का?"

परक्या पुरुषाच्या तोंडून ते नाव येताच तो दचकला आणि त्याने खांदे वर ओढून घेतले. बहिणीकडे पाहिलं. कल्पना हसली. त्याने बापाकडे पाहिलं. हिराजींनी मान डोलावली. छडी कुठूनच आली नाही. मग त्याने दोन्ही हातांनी फोन तोंडाजवळ धरला.

"हजर," तो म्हणाला. "मी नामदेव. येरा पन मीच."

पलीकडे कॉम्रेडनी घसा खाकरला आणि ते म्हणाले, "बसलं."